चट्टीपासून हेलिकॉप्टरपर्यंत

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. निमित्त नातवाचे. तो पुण्यात नोकरीला असतो. आईवडिलांना घेऊन लडाखला जायचे त्याने ठरवले आणि पाच दिवसांचा कार्यक्रम मला मोबाईलवर पाठवला. पहिल्या दिवशी सकाळी दिल्लीहून विमानाने लेह, दुपारी शांती स्तूप आणि बाजार. दुसऱ्या दिवशी गाडीने खारदुंग ला. खाली त्याने विचारले होते, "आबा, तुम्ही भूगोल शिकवायचे ना, कसा वाटला प्लॅन?"

मी फोन केला आणि म्हणालो, "भूगोल शिकवायचो म्हणूनच सांगतो, पहिले दोन दिवस खोलीच्या बाहेर पडू नका."

तो हसला. म्हातारा माणूस घाबरतोय असे त्याला वाटले असावे. त्यात चूक काही नाही. पण माझ्या बोलण्यामागे २०११ सालची एक रात्र आहे, आणि त्याच्याही मागे माझ्या आजीची एक यात्रा आहे. मधल्या काळात जगाने या विषयात काय काय शिकून घेतले तेही आहे. ते सगळे एकदा सलग लिहून काढावे असे वाटले.

आधी आपली परिस्थिती सांगतो. आमचे सेनगाव समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास. सगळ्या महाराष्ट्रात उंच म्हणाल तर कळसूबाई, तीही १,६४६ मीटर. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे जाणवू लागतो. म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत कुठेही चढा, हा आजार तुम्हाला भेटणारच नाही. आपल्या भाषेतही त्याची खूण नाही. मराठीत ऊन लागते, गाडी लागते, नजर लागते, परगावचे पाणी बाधते. पण 'डोंगर लागला' असे मी कुणाच्या तोंडून ऐकले नाही. ज्या दुखण्याला आपल्याकडे नावच नाही, ते समोर आले तरी आपण त्याला दुसऱ्याच नावाने हाक मारतो. पित्त झाले म्हणतो, थंडी भरली म्हणतो, दगदग झाली म्हणतो. पुढे येईलच ते.

आजी बद्रीकेदारला गेली ती १९३८ च्या उन्हाळ्यात. तेव्हा आमचा भाग निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होता (हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ च्या महाराष्ट्र दिनी). आजूबाजूच्या गावांची मिळून नऊ माणसे होती. निघताना गावाने निरोप दिला तो जवळजवळ शेवटचाच. आजीने आपली पितळी भांडी सुनांना वाटून टाकली होती. हिंगोलीहून आगगाडी, गाड्या बदलत बदलत हरिद्वार, आणि तिथून पुढे सगळे पायी.

त्या वाटेवर दर दोन-चार मैलांवर 'चट्टी' असे. चट्टी म्हणजे दगडाची किंवा गवताने शाकारलेली लांबट पडवी आणि एक दुकान. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तांदूळ घ्यायचे, भांडी तो द्यायचा, झोपायला जागा फुकट. पुढे बाबा काली कमलीवाल्यांच्या धर्मशाळाही होत्या, त्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झाल्या. आपल्या अहिल्याबाई होळकरांनी तर त्याच्याही आधी शंभर वर्षे या वाटेवर यात्रेकरूंची सोय केली होती. आजीची मंडळी दिवसाला अडीच-तीन कोस चालत. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, गुप्तकाशी असे करत गौरीकुंडाला पोचायलाच पंधरवडा लागला. तिथे एक रात्र, मग रामबाड्याला एक रात्र. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून केदारनाथाचे दर्शन घेतले आणि थंडी सोसवेना म्हणून संध्याकाळी पुन्हा खाली रामबाड्याला मुक्कामी. बरोबरच्या एका बाईचे गौरीकुंडाच्या वर डोके फार दुखू लागले, तेव्हा सगळेच एक दिवस थांबले. कुणाचे परतीचे तिकीट काढलेले नव्हते.

मी सातवी-आठवीत असताना आजीला विचारले होते, इतके दिवस का लागले? ती म्हणाली, "देव लांब व्हता ना बाबा, हळूहळूच जावं लागे." आणि एक तक्रार ती नेहमी सांगायची. "तिथलं पाणी जड. कितीबी जाळ घाला, वरण शिजत नाही." पुढे मी शाळेत मुलांना शिकवले की उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळते. केदारनाथला, म्हणजे ३,५८३ मीटरवर, ते ८८ अंशांच्या आसपासच उकळते, मग डाळ कशी शिजणार? आजीचे उदाहरण मी वर्गात तीस वर्षे दिले. मुले हसायची. पण वरणाला जो दाब कमी पडतो तोच आपल्या फुप्फुसांनाही कमी पडतो, हे वाक्य मी एकदाही पुढे जोडले नाही.

जुन्या यात्रेचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. आजीच्या नऊ जणांतले दोघे परत आले नाहीत. परतीच्या वाटेवर पटकी झाली आणि दोन दिवसांत गेले. यात्रेच्या वाटेने पटकी गावोगाव पसरत असे, हे इंग्रजी अमदानीतल्या आरोग्य खात्याचे मोठे दुखणे होते. थंडीने, दरडींनी, पूल वाहून गेल्यानेही माणसे मरत. पण डोंगर चढण्यापुरते बोलायचे तर त्या चालीने एक काम नकळत केले. शरीराला तिने दिवस दिले. त्या दिवसांची किंमत काय होती ते समजायला शास्त्रज्ञांना फार वेळ लागला.

हा त्रास माणसाला जुना आहे. चीनच्या इतिहासग्रंथात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या हकिगतीत, काश्मीरच्या दिशेने येणाऱ्या वाटेवरच्या दोन डोंगरांची नावे मोठी डोकेदुखी आणि छोटी डोकेदुखी अशी दिली आहेत. सोळाव्या शतकात मिर्झा हैदर दुघलत लडाख-तिबेटच्या स्वारीवर गेला. त्याने 'तारीख-ए-रशिदी'त या दुखण्याला दमगिरी म्हटले आहे आणि ते परक्या माणसांना आणि परक्या घोड्यांना होते, तिथल्यांना नाही, असे निरीक्षण नोंदवले आहे. केवढे अचूक! पुढे त्याच शतकात, १५९० मध्ये, अकोस्टा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने पेरू देशातल्या एका डोंगरावर आपल्याला झालेल्या उलट्यांचे वर्णन छापले आणि तिथली हवा माणसाच्या श्वासासाठी फारच पातळ असावी असा तर्क केला.

हिमालयातल्या लोकांचे म्हणणे वेगळे होते. ते म्हणत, ही विषाची हवा. काही म्हणत फुलांच्या वासाने होते, काही म्हणत जमिनीतून विष येते. तिबेटी लोकांकडे तर 'खिंडीचे विष' अशा अर्थाचाच शब्द आहे. १८१२ साली मूरक्रॉफ्ट हा कंपनी सरकारचा पशुवैद्य आणि त्याचा साथीदार हिअरसे गोसाव्याचा वेष घेऊन नीती खिंडीतून मानसरोवराला गेले होते. शालीची लोकर देणाऱ्या शेळ्या शोधायला! दर चार पावलांवर थांबून धापा टाकाव्या लागल्याचे मूरक्रॉफ्टने लिहून ठेवले आहे.

कोडे सुटले ते पॅरिसमध्ये. पॉल बर्ट हा शरीरशास्त्रज्ञ लोखंडी कोठीत माणसाला, कधी स्वतःलाच, बसवून आतली हवा कमी करून पाहत असे. त्याच्या सांगण्यानुसार तीन फ्रेंच वैमानिक १५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' नावाच्या बलूनमध्ये प्राणवायूच्या पिशव्या घेऊन आठ हजार मीटरच्या वर गेले. पिशव्यांतला साठा अपुरा होता, म्हणून अगदी गरज पडल्यावरच तो वापरायचा असे ठरलेले होते. गरज पडली तेव्हा नळी तोंडाशी नेण्याइतकाही हात उचलेना. दोघे मेले. तिसरा, तिसांदिए, बहिरा होऊन खाली आला. आपण मरणाच्या जवळ आहोत हे त्या तिघांना जाणवलेच नाही, उलट त्यांना एक प्रकारचे सुख वाटत होते, असे त्याने नंतर लिहिले. विरळ हवेचा खरा धोका हाच. ज्याला त्रास होतो त्याचीच अक्कल आधी जाते.

१८७८ मध्ये बर्टने हजारभर पानांचा ग्रंथ काढला आणि विष वगैरे काही नाही, प्राणवायूचा दाब कमी पडतो, एवढे सिद्ध केले. हवेत प्राणवायूचे प्रमाण वरही तेच असते, एकवीस टक्के. पण हवाच पातळ. केदारनाथला एका श्वासात मिळणारा प्राणवायू सेनगावातल्या श्वासाच्या दोन-तृतीयांशाच्या थोडा इकडेतिकडे.

आता तुम्ही म्हणाल, कारण कळले, मग प्रश्न मिटला. मिटला नाही. कारण कळले तरी 'किती दिवस' हे कळले नव्हते, आणि ते शिकण्यासाठी फार मोठी किंमत द्यावी लागली. त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे.

मे १९४८ मध्ये मेहर सिंग यांनी पहिले विमान लेहच्या कच्च्या धावपट्टीवर उतरवले आणि मैदानातला जवान काही तासांत साडेतीन हजार मीटरवर पोचू लागला. १९६२ मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा तर घाईला सीमाच राहिली नाही. यशवंतराव दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे आपण अभिमानाने म्हणतो. म्हणावेच. पण सह्याद्रीच्या माणसाचे फुप्फुस सह्याद्रीचेच असते हो! देशभरातली तरणीबांड मुले मैदानातून उचलून अकरा हजार, पंधरा हजार फुटांवर नेली गेली. गोळी न लागता माणसे आजारी पडू लागली. डोके दुखे, उलट्या होत, काहींना खोकल्यातून गुलाबी फेस येई, काही भ्रमिष्टासारखे वागत. त्यातल्या छातीच्या दुखण्याला पूर्वी न्यूमोनिया समजत. १९६० मध्येच चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन डॉक्टर-गिर्यारोहकाने हा न्यूमोनिया नव्हे, उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरते, असे लिहिले होते.

लष्कराचे डॉ. इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी अशा १,९२५ जवानांच्या नोंदी अभ्यासून १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. जगभर या विषयावर लिहिणारे आजही त्याचा उल्लेख करतात. त्यांनी सुचवलेले एक-दोन उपचार पुढे मागे पडले. शास्त्रात तसे होतेच. पण इतक्या मोठ्या संख्येने, इतक्या घाईने वर गेलेल्या निरोगी तरुणांचे चित्र त्याआधी कुणी मांडले नव्हते. तरुण आहे, धट्टाकट्टा आहे, रोज दहा मैल पळतो, याचा इथे काही उपयोग नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

माझा एक विद्यार्थी सैन्यात होता, सियाचीनलाही राहून आला. त्याने मला हिशेब सांगितला होता. २,७०० ते ३,६०० मीटरसाठी सहा दिवस, त्यातले पहिले दोन निव्वळ आरामाचे. तिथून ४,५०० पर्यंत आणखी चार. त्याच्याही वर जायचे तर आणखी चार. एकूण चौदा. "आणि गुरुजी, सुट्टीत गावाकडं येऊन माघारी गेलं की पुन्हा नव्यानं. चार आठवडे सेनगावात राहिलं की शरीर समदं विसरून जातं." शिक्षकाला हे पटायला वेळ लागत नाही. मे महिन्याच्या सुट्टीनंतर मुलांचे तेच होते.

शरीर त्या दिवसांत करते तरी काय? आधी श्वास आपोआप खोल आणि भरभर होतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि रक्ताचा समतोल बिघडतो, तो मूत्रपिंडे दोन-चार दिवसांत हळूहळू सावरतात. तोवर श्वास पुरेसा वाढू शकत नाही, विशेषतः झोपेत. म्हणून रात्र वाईट. तांबड्या पेशी वाढतात, पण त्याला आठवडे लागतात. डायमॉक्स नावाची गोळी (मुळात काचबिंदूवर वापरली जाणारी) मूत्रपिंडांचे हे काम लवकर करवून घेते. जादू नाही, दिवसांची थोडी बचत.

आता या हकिगतीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. नेपाळमध्ये १९७३ साली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन स्थापन झाली. एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे नावाच्या ४,२४३ मीटरवरच्या गावात तिचे मदत केंद्र आहे. तिथे पीटर हॅकेट आणि सहकाऱ्यांनी २७८ पदयात्रींची नोंद केली आणि १९७६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली. निम्म्याहून जास्त लोकांना त्रास झालेला होता. त्यातही फरक असा की जे विमानाने लुकलाला उतरून चालू लागले त्यांच्यात आजाराचे प्रमाण जास्त, आणि जे खालून, नेपाळच्या टेकड्यांमधून चालत आले त्यांच्यात कमी. डोंगर तोच, हवा तीच. फक्त वाटेतले दिवस वेगळे. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आजीची चट्टी आठवली.

आपल्याकडे मात्र उलटा प्रवास चालू होता. १९६२ नंतर सरहद्दीकडे रस्ते झाले, बद्रीनाथला मोटार पोचली. केदारची पायवाट आखडत आखडत गौरीकुंडापासूनच्या चौदा किलोमीटरवर आली. चट्ट्या ओस पडल्या. या शतकाच्या सुरुवातीपासून हेलिकॉप्टर आले आणि फाट्याहून दहा मिनिटांच्या आत माणूस केदारनाथच्या दारात उतरू लागला. वाईट झाले असे मी म्हणणार नाही. माझी आई गुडघ्यांमुळे कधी जाऊ शकली नाही, तेव्हा हेलिकॉप्टर असते तर मीच तिला बसवले असते. पण जी अडचण आपण दूर केली तिच्यात औषध होते, ते तिच्याबरोबर गेले. त्या जागी काही ठेवावे हे कुणाला सुचले नाही.

मला तरी कुठे सुचले? २००९ ला निवृत्त झालो आणि २०११ च्या मे महिन्यात आम्ही सतरा जण बद्रीकेदारला निघालो. बहुतेक सगळे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या सौभाग्यवती. कार्यक्रम मीच आखला होता. गुप्तकाशीला, म्हणजे तेराशे मीटरवर, रात्रीचा मुक्काम. पहाटे उठून गौरीकुंड, तिथून घोड्यावर, संध्याकाळी केदारनाथ आणि रात्र तिथेच. एका दिवसात तब्बल सव्वादोन हजार मीटर वर. रात्र तिथे राहण्याचा हट्ट माझा होता. पंड्यांच्या वहीत आजीचे नाव सापडते का ते मला पाहायचे होते, आणि पंडाजी म्हणाले होते की वही सकाळी निवांत काढू.

आमच्यात एक गणिताचे गुरुजी होते, माझे अठ्ठावीस वर्षांचे सहकारी. संध्याकाळी आरतीच्या आधीच म्हणाले, "सर, डोकं लई दुखायलंय." मी म्हणालो घोड्याने हाडे खिळखिळी झालीत, चहा घ्या. रात्री त्यांना दोनदा उलटी झाली. आम्ही पित्ताची गोळी दिली. कुणीतरी कापराची पुडी हुंगायला दिली. दुसऱ्याने झोपेची गोळी काढली, ती त्यांनी घेतली नाही हे आमचे नशीब, कारण झोपेच्या गोळीने श्वास आणखी मंद होतो. त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, खाली नेता का यांना? मी म्हणालो, वहिनी, एवढ्या रात्री कुठे, सकाळी अभिषेक झाला की लगेच निघू. वहीचे मी बोललो नाही. पण मनात तीच होती.

पहाटे चारला ते लघवीला उठले आणि दारूड्यासारखे झोकांड्या खात भिंतीला धडकले. बुटाची नाडी हातात धरून बसून राहिले. आयुष्यभर मुलांना वर्गमूळ शिकवलेल्या माणसाला नाडी बांधता येईना. बाहेर डांडीवाले शेकत बसले होते, त्यांतला एक वयस्कर नेपाळी आत डोकावला, एक क्षण पाहिले आणि म्हणाला, "बाबूजी, इनको अभी नीचे ले जाओ. दर्शन बाद में." ना तपासणी, ना नाडीपरीक्षा. त्याला ओळखीचे दुखणे होते.

चार जणांनी डांडी उचलली. मी बरोबर निघालो. दर्शन, अभिषेक, वही सगळे मागे राहिले. रामबाड्याच्या अलीकडे गुरुजींनी चहा मागितला. गौरीकुंडाला उतरल्यावर त्यांनी मला विचारले, "डांडीचे किती दिले? जास्त घेतले त्याने." तेव्हा मी रडलो. खाली एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, मेंदूला सूज यायला लागली होती, अभिषेकासाठी थांबला असता तर काही खरे नव्हते.

दोन वर्षांनी, जून २०१३ च्या महापुरात, रामबाडा जागेवरून नाहीसा झाला. गुरुजींना पुन्हा कधी जाता आले नाही. २०१८ मध्ये ते दुसऱ्याच आजाराने गेले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. वहिनींनी एकदा लावला. तो मला लागायचाच होता.

एवढे झाल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. २०२२ मध्ये चारधाम यात्रा पुन्हा पूर्ण जोरात सुरू झाली तेव्हा त्या एका हंगामात दोनशेहून अधिक यात्रेकरू प्रकृतीच्या कारणाने दगावले. सगळेच उंचीने नव्हे, हृदयविकाराचे पुष्कळ. पण विरळ हवा हृदयावरही ताण आणतेच. आता उत्तराखंड सरकार यात्रा निदान सात दिवसांची आखा, शरीराला सवय होऊ द्या, असे सांगते. वाटेवर तपासणी केंद्रे आहेत. कैलास-मानसरोवरच्या यात्रेत तर १९८१ पासूनच दिल्लीत तपासणी आणि पुढे गुंजीला थांबवून पुन्हा तपासणी अशी पद्धत होती, आणि तिथे नापास झालेल्याला परत पाठवत. कितीही रडला तरी. मला पूर्वी ते निर्दय वाटे.

नातवाला मी जे सांगितले ते फार नव्हते. लेहला उतरल्यावर दोन दिवस काहीच करायचे नाही. भरपूर झोप, नेहमीएवढे पाणी, हलके जेवण, दारूचे नावही नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचे. दिवसा वर जाऊन यावे, झोपायला खाली यावे. (१९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचलेले पहिले महाराष्ट्रीय ठरले. त्या मोहिमाही अशाच असतात, दीड-दोन महिन्यांतला बराच काळ वरखाली करण्यात जातो.) डायमॉक्स घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, साधारणपणे आदल्या दिवसापासून. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर हे आधी सांगायचे. वडिलांना रक्तदाब आहे, त्यांच्या गोळ्यांबद्दलही विचारून घ्यायचे. कापूर हुंगायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहायचे नाही. बाजारात मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटे पुरतो, पुढे काय?

आणि वर गेल्यावर डोके दुखले, मळमळले, तर ते उंचीमुळेच असे धरून चालायचे. दुसरे कारण नंतर शोधावे. असे असताना आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येईना, तर रात्र असो, पाऊस असो, लगेच खाली. निर्णय आजाऱ्यावर सोडायचा नाही. तो नाहीच म्हणणार. झेनिथमधल्या त्या तिघांनाही सगळे ठीकच वाटत होते.

नातू म्हणाला, "आबा, पण दोन दिवस नुसतं खोलीत बसून काय करायचं? सुट्टीच पाच दिवसांची आहे." मी म्हणालो सुट्टी वाढव, नाहीतर खारदुंग ला सोड. थोडी वादावादी झाली. सूनबाईंनी मध्ये पडून कार्यक्रम आठ दिवसांचा केला.

परवा ते परत आले. लेहला पहिल्या संध्याकाळी सूनबाईंचे डोके चांगलेच दुखले, जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उतरले. नातवाला, सगळ्यांत तरुण, त्यालाच पहिल्या रात्री झोप लागली नाही. खारदुंग लाला ते पाचव्या दिवशी गेले आणि वीस मिनिटांत खाली आले. तिथल्या पाटीवर बरीच वर्षे १८,३८० फूट असे लिहिलेले असे. खरी मोजणी ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर. मी हे फोनवर सांगितले तर तो म्हणाला, "आबा, फोटो तरी नीट बघा आधी."

फोटो पाहिला. तिघेही कानटोप्या घालून उभे आहेत. मी तो गणिताच्या वहिनींनाही पाठवला आहे. त्यांनी विचारले, "किती दिवस थांबले होते खाली?"